ती स्वतः बोलते ते पुस्तक आधी द्या

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न असा आहे: कॉलेजच्या वसतिगृहात अकरावी-बारावीच्या चाळीसेक मुली राहतात. बहुतेकींचे आईवडील दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते उन्हाळा लागल्यावरच परततात. गेल्या वर्षी तीन मुलींची लग्नं मधेच लावून दिली, त्या परत आल्याच नाहीत. या मुलींसाठी एक लहान कपाट घेतलंय, वीसेक पुस्तकं मावतील. त्यात ‘संकटांवर मात केलेल्या तरुण स्त्रियांची प्रेरणादायी पुस्तकं’ ठेवायची आहेत. कुठली ठेवावीत?

ताई, मी २८ वर्षं एका तालुका ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीत बसले. त्यातली शेवटची १२ वर्षं दर शनिवारी दुपारी जवळच्या मुलींच्या वसतिगृहात पुस्तकांची पेटी घेऊन जात होते. त्यामुळे नावं भरपूर सांगता येतील. पण त्याआधी तुमच्या प्रश्नातला एक शब्द बाजूला काढून ठेवते. तो शब्द म्हणजे ‘प्रेरणादायी’.

सुरुवातीला मीही त्याच शब्दावर पेटी भरली होती. गरीब घरातून मोठ्या पदावर पोचलेल्या, पदकं मिळवलेल्या, परदेशी गेलेल्या मुलींच्या गोष्टी. मुली न्यायच्या आणि चार दिवसांत परत आणायच्या. एकीला विचारलं, कसं वाटलं? ती जरा घुटमळली आणि म्हणाली, “चांगलंय मॅडम. पन ह्याच्यात ती उपाशी झोपली आन् पुढच्याच पानावर पहिली आली.” ती काही टीका करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की त्या दोन पानांच्या मधे काय झालं. कारण ती स्वतः त्या मधल्या पानातच राहत होती.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावत आले. पुस्तकातली मुलगी स्वतः बोलते का? तिच्याबद्दल दुसरं कुणी बोलत असेल तर ते पुस्तक चांगलं असू शकतं, पण त्याचा नंबर नंतर. स्वतः बोलणारी बाई मधली वर्षं गाळत नाही. पहाटे कितीला उठवलं, डब्यात पीठ किती होतं, कुणाला चोरून वाचलं, कोण हसलं, कुणी पाठीशी घातलं, हे तिला सांगावंच लागतं, कारण तिचं आयुष्य त्याचंच झालेलं असतं. तुमच्या मुलींना हवं आहे ते हे. आणि याबाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपासून आपल्याकडच्या बायका आपलं आयुष्य आपल्या तोंडानं सांगत आल्यात.

कपाटात पहिलं पुस्तक ठेवाल ते बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’. त्या पुरंदर तालुक्यातल्या वीरगावच्या आणि आयुष्य गेलं फलटणला. घरचं किराणा दुकान होतं. माल बांधायला आलेल्या रद्दीचे कागद त्या वाचायच्या आणि दुकानात बसल्या बसल्याच लिहायच्या. नवऱ्याला कळू नये म्हणून वह्या दडवून ठेवल्या, त्या वीस वर्षं दडलेल्याच राहिल्या. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून हे लेखन क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. त्यात महारवाड्यातल्या सासुरवाशिणींवर जो भाग आहे, तो मराठीत दुसरीकडे मला सापडलेला नाही. आठ-नऊ वर्षांची सून, पहाटे उठून जात्यावर बसलेली. तिच्या हातानं भाकरी नीट थापली जात नाही, मग सासू शेजारणींना बोलावून त्या भाकरीची तपासणी करते. आणि छळाला कंटाळून माहेरी पळालेल्या पोरीला धरून आणल्यावर तिच्या पायात अडकवायचा लाकडी खोडा.

हे पान मी वसतिगृहात मोठ्यानं वाचलं तेव्हाची गोष्ट सांगते. पंधरा-सोळा मुली सतरंजीवर बसलेल्या होत्या. खोडा म्हणजे काय हे मी समजवायला लागले, तेवढ्यात मागची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या पळकुट्या म्हशीच्या गळ्यात लोढणं हाय ना, तसंच. फक्त पायात.” कुणीच हसलं नाही. थोड्या वेळानं दुसरी म्हणाली, “आमच्यात खोडा नसतो. कोयता असतो.” तिला काय म्हणायचं होतं हे तुम्हाला सांगायला नको. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, उचल मिळते ती जोडीला मिळते, म्हणून हंगाम तोंडावर आला की पोरीचं लग्न घाईनं उरकतात. बेबीताईंच्या पुस्तकात ऊसतोडीबद्दल चकार शब्द नाही. तरी ही मुलगी त्या पानावरून सरळ स्वतःच्या घरी पोचली. असं पोचता येणं म्हणजे पुस्तक लागू पडणं.

भाषेची काळजी करू नका. आपल्याला वाटतं की बोलीभाषा कठीण जाईल. उलट आहे. पाठ्यपुस्तकी मराठी त्यांना दूरची वाटते, फलटणची बोली वेगळी असली तरी ती बोलली जाणारी भाषा आहे हे कान ओळखतो.

त्याच्या शेजारी शांताबाई कृष्णाजी कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. हेही १९८६ चं. शांताबाई सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या. शाळेत वर्गाबाहेर बसून शिकल्या आणि पुढे शिक्षिका झाल्या. यावर दूरदर्शनवर ‘नाजुका’ ही मालिका झाली होती, जुन्या पिढीला ती आठवत असेल. पुस्तक लहान आहे, वाक्यं छोटी आहेत, वाचायची सवय नसलेल्या मुलीला हेच द्यावं. यातला मुलींना सर्वात भिडणारा भाग लग्नानंतरचा आहे. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा शांताबाई उठून वडिलांकडे निघून आल्या. वडिलांनी ठेवून घेतलं. मुली या ठिकाणी थांबतात आणि विचारतात, “ठेवून घेतलं? काही बोलले नाहीत?” संकटातल्या मुलीच्या गोष्टीत एक माणूस ‘ये’ म्हणाला तर पुढचं आयुष्य कसं वळतं, हे या पुस्तकात फार साध्या शब्दांत दिसतं. पालक-सभेत वडिलांना वाचून दाखवण्यासारखं ते पान आहे. मी दोनदा दाखवलंय.

आता ज्या पुस्तकाचं नाव घेतल्यावर शिक्षक नेहमी मला विचारतात की ‘ते जुनं, ब्राह्मणी घरातलं, आमच्या मुलींना काय कळणार’, त्याबद्दल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते ३६ या काळात चार भागांत आलेली. मी ते पुस्तक आग्रहानं ठेवते, आणि नुसतं थोर म्हणून ठेवत नाही. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी माहेरी बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं ते कवी नारायण वामन टिळकांशी. नवरा बुद्धिमान, प्रेमळ आणि घडीघडीला घर सोडून निघून जाणारा. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हे बाईंना कळलं ते झाल्यावर. लहान मुलाला घेऊन त्या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे स्वतःच्या मनातलं सोवळं-ओवळं एकेक करून कसं गळालं, हे त्यांनी स्वतःला जराही न वाचवता लिहिलंय. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या.

इतकं सगळं सोसून हे पुस्तक रडत नाही. पहिली चाळीस पानं मुलींबरोबर बसून वाचा, सोवळं, पारोसं, पंगत असे शब्द समजावून द्या, मग त्या एकट्या वाचतील आणि खळखळून हसतील. संकटात सापडलेल्या बाईला विनोद करायचा हक्क आहे, हे आपल्याला शिकवलेलंच नसतं. सगळ्या पुस्तकांत दुःखच वाचून मुली दबतात. ‘स्मृतिचित्रे’ त्यांना श्वास घेऊ देतं.

याच प्रकारचं, पण वेगळ्या चालीचं पुस्तक म्हणजे रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, १९१० चं. अकरा वर्षांची मुलगी, बत्तिशीच्या आसपासचा बिजवर नवरा, तोही न्यायमूर्ती रानड्यांसारखा मोठा माणूस. नवरा म्हणतो शीक, आणि घरातल्या बायका म्हणतात शिकलीस तर याद राख. या पुस्तकात छळ मारहाणीचा नाही. बोलणं टाकणं, टोमणे, स्वयंपाकघरातला अबोला, असा आहे. तुमच्या मुलींपैकी जिला घरी ‘लई शानी झालीस’ हे वाक्य ऐकावं लागतं तिला हे पुस्तक द्या. मला स्वतःला त्यातला पतीबद्दलचा भक्तिभाव जड जातो, हे मोकळेपणानं सांगते. मुलींनाही जातो. त्यावर बोलू द्या त्यांना. पुस्तकातल्या बाईशी भांडता येतं हे कळणंही वाचनच आहे.

दोन बहिणींची दोन पुस्तकं जोडीनं ठेवा: आनंदीबाई (बाया) कर्व्यांचं ‘माझे पुराण’ आणि पार्वतीबाई आठवल्यांचं ‘माझी कहाणी’. दोघीही बालपणी-तरुणपणी विधवा झालेल्या. बाया पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि कर्व्यांच्या गावच्या, कोकणातल्या मुरूडकरांनी त्या जोडप्याला वाळीत टाकलं. पार्वतीबाईंनी दुसरं लग्न केलं नाही. विधवांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, आणि चाळिशी ओलांडल्यावर, इंग्रजी धड येत नसताना एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि संस्थेसाठी पैसे जमवले. एका घरातल्या दोन मुली, एकसारखं संकट, दोन निराळे रस्ते. दोन्ही बरोबर. मुलींना नेहमी वाटतं की संकटातून बाहेर पडायचा रस्ता एकच असतो आणि तो आपल्याला सापडत नाहीये. म्हणून ही जोडी फोडू नका.

कुमुद पावड्यांचं ‘अंतःस्फोट’ (१९८१) बारावीच्या आणि पुढच्या मुलींसाठी. नागपूरची दलित मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. होते, आणि मग नोकरीसाठी दार ठोठावते तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे त्यांनी लिहिलंय. आंतरजातीय लग्नानंतर आडनाव बदललं आणि मग दार उघडलं. ती नोकरी नक्की कुणाला मिळाली, कुमुदला की आडनावाला, हा त्यांचा प्रश्न वाचणाऱ्याला सोडत नाही. हे पुस्तक दुकानात सहज मिळत नाही. जुन्या ग्रंथालयातून आणावं लागेल.

आणि ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३). आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या-टोपल्या वगैरे. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावातली आई दिवसभर ती विणत असते, त्यातून घर चालतं, त्यातून मुलगी शिकते. लग्न झाल्यावर, नोकरी आणि मुलं सांभाळून ऊर्मिलाताई एम.ए. करतात. घरातल्या पुरुषाचं वागणं चळवळीतल्या भाषणापेक्षा निराळं असू शकतं, हे त्या कुणाचा मुलाहिजा न ठेवता लिहितात. मला या पुस्तकात सगळ्यात आवडतात त्या अगदी सुरुवातीला डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला ओझी घेऊन जाणाऱ्या बायका. एकमेकींची चेष्टा करत, कुरबुरत, पाय भाजत जाणारा तो जथा. तुमच्या मुलींच्या आया टोळीबरोबर जातात तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काय बोलत असतील, हे मुलींना लिहायला सांगा. मी सांगितलं होतं. एकीनं पाठपोट चार पानं लिहिली, जिनं तोवर निबंधाचं एक पान कधी भरलं नव्हतं.

अगदी छोटं काही हवं असेल, एका तासात वाचून बोलता येईल असं, तर मुक्ता साळवेचा निबंध. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, मातंग समाजातली, चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. वेद ज्यांचे नाहीत त्यांचा धर्म कुठला, असा प्रश्न ती थेट देवाला विचारते. तुमच्या मुलींच्याच वयाची ती. फोटोकॉपी काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

आता ज्या मुलींची गोष्ट त्यांनी स्वतः पुस्तकभर सांगितलेली नाही, त्यांच्याबद्दल. यात रखमाबाईंना पहिला मान. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, मोठी झाल्यावर त्या नांदायला गेल्या नाहीत. नवऱ्यानं १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये २००० रुपयांवर तडजोड झाली. मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं दवाखाने सांभाळले. खटला चालू असताना त्यांनी टोपणनावानं वर्तमानपत्राला पत्रं लिहिली होती, तीच त्यांची स्वतःची वाणी. मोहिनी वर्दे यांचं ‘डॉ. रखमाबाई : एक आर्त’ हे चरित्र मिळवा. लग्न लावून दिलं म्हणजे सगळं संपलं असं मानणाऱ्या मुलीपुढे यापेक्षा मोठा पुरावा मला ठेवता येत नाही. या पुस्तकाबरोबर दोन गोष्टी जरूर सांगा: मुलीच्या लग्नाचं किमान वय आज कायद्यानं अठरा आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) असते, हेही बऱ्याच मुलींना माहीत नसतं.

आनंदीबाई जोशींबद्दल लोक लगेच श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी सुचवतात. कादंबरी रंगते, मुली एका बैठकीत वाचतात, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्यात गोपाळराव इतकी जागा व्यापतात की मुली त्यांच्यावरच बोलत राहतात: तो वाईट होता की चांगला? म्हणून मी अंजली कीर्तन्यांचं ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ सोबत ठेवते. जाड आहे, पण आनंदीबाईंच्या पत्रांपुरतं उघडलं तरी पुरे. दहा दिवसांचं मूल गेलेली चौदा वर्षांची आई, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेली, आणि १८८७ मध्ये बाविशी गाठण्याआधी गेलेली. तिच्या पत्रांत ती कुणाची बाहुली वाटत नाही. नवऱ्याला सुनावतेसुद्धा.

पुरुषानं लिहिलेली पण ‘ती’च्या तोंडून सांगितलेली एक कादंबरी मात्र माझ्या कसोटीला पुरून उरते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः आलेली. यमू स्वतः आपली हकिगत सांगते, आणि ती इतकी आपली वाटते की लिहिणारा पुरुष आहे हे विसरायला होतं. नवरा समजूतदार, मुंबईत दोघांचा लहानसा संसार, वाचायला शिकणं, मग त्याचं जाणं आणि बळजबरीचं केशवपन. जुनी वाक्यरचना लांबलचक आहे. निवडक प्रकरणं द्या. शेवटचा भाग मुलगी एकटी असताना वाचू देऊ नका, दोघी-तिघींत वाचू द्या.

विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) तुमच्या मुलींना सध्या नको, शिक्षिकांच्या खोलीत ठेवा. बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी टोपणनावानं ते लिहिलं आणि केवढा गदारोळ झाला. शिकलेल्या, कमावत्या मुलीच्या पगारावर घर चालतं म्हणून तिचं लग्न लांबवणारे आईबाप त्यात आहेत. तुमची मुलगी नोकरीला लागली की पाच वर्षांनी हे पुस्तक तिला लागेल.

हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ आणि मल्लिका अमरशेखांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ ही दोन्ही फार धीट, फार खरी पुस्तकं. वीस वर्षांच्या पुढे. हंसाबाई दहा-अकरा वर्षांच्या असल्यापासून सिनेमात काम करून घर चालवत होत्या, हे कळल्यावर कमावत्या मुलीकडे घर कसं बघतं याचा अर्थ लागतो. राजन गवसांची ‘चौंडकं’ ही देवाला सोडलेल्या मुलीची कादंबरी. केसात जट निघाली एवढ्यावरून पोरीचं आयुष्य कसं फिरतं, हे तिच्यात आहे. उत्तम आहे, जड आहे, आधी तुम्ही वाचा. तुमच्या बाजूच्या बोलीतली नवी कादंबरी हवी असेल तर सुनीता बोर्डे यांची ‘फिंद्री’ घ्या. नको असताना झालेल्या पोरीला ज्या शब्दानं हिणवतात तेच नाव आहे, आणि त्यात लेकीच्या शाळेसाठी नवऱ्यापुढे उभी राहणारी आई आहे. मुलींमध्ये ही सर्वात जास्त फिरते.

इराण, अफगाणिस्तान, आफ्रिकेतल्या मुलींच्या हालांची मराठीत आलेली अनुवादित पुस्तकं ग्रंथालयांत खच्चून भरलेली असतात. मुली आवडीनं वाचतात. चारेक ठेवा, पण कपाट त्यांनीच भरू नका. ‘तिकडे बायकांचं किती वाईट’ असं म्हणून पुस्तक मिटणं फार सोपं असतं. ॲन फ्रँकच्या रोजनिशीचं मात्र वेगळं. आईवर चिडणारी, स्वतःच्या दिसण्याची काळजी करणारी तेरा वर्षांची मुलगी मृत्यूच्या छायेतही तेरा वर्षांचीच असते. ती वाचून माझ्याकडच्या तीन मुलींनी डायरी लिहायला घेतली.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. एका हुशार, गप्प मुलीला मी हुंड्यापायी जाळून मारलेल्या सुनेची कादंबरी दिली. पुस्तक चांगलं होतं. तिच्या मोठ्या बहिणीचं तसंच झालं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तिनं दुसऱ्या दिवशी पुस्तक खिडकीत ठेवलं, वर्गणीची पावती मागितली, आणि त्यानंतर तीन महिने ती आली नाही. पुढे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मी तिला भेटायला गेले, माफी मागितली. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही सांगून दिलं असतं तर वाचलं असतं मी.” तेव्हापासून पुस्तक देताना मी एक वाक्य सांगतेच: यात मारहाण आहे, यात मूल जातं, यात जाळणं आहे, नको वाटलं तर मधेच परत आण. एवढं सांगितल्यावर मुली पुस्तक टाकत नाहीत. उलट, तयारीनं वाचतात.

पैसे थोडे असतील तर पहिल्या फेरीत चारच घ्या: ‘जिणं आमुचं’, ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, ‘आयदान’, ‘फिंद्री’. प्रत्येकी दोन प्रती, म्हणजे दोघींना एकाच वेळी वाचून एकमेकींशी बोलता येईल. लक्ष्मीबाई, रमाबाई, हरिभाऊ यांच्या लेखनाची कॉपीराइटची मुदत केव्हाच संपली आहे, स्वस्त आवृत्त्या मिळतात आणि इंटरनेटवरही मोफत वाचता येतात. बाकीची तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातून संस्थेच्या नावानं आणा.

सुरुवात मोठ्यानं वाचण्यानं करा. पहिल्या शनिवारी खोड्याचं पान नको, ते तिसऱ्या-चौथ्या बैठकीला. आधी भाकरीचं पान घ्या. चाळीसातल्या पस्तीस जणींना भाकरी थापता येत असते, त्यामुळे त्या दिवशी जाणकार त्या असतात आणि तुम्ही विद्यार्थिनी. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलात’ हा प्रश्न विचारू नका. पुस्तक सतरंजीवर ठेवा आणि चहा येऊ द्या.

आणि सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर घाला. वर नाव लिहू नका, नुसता नंबर टाका, आणि नंबरांची वही तुमच्याजवळ ठेवा. सुट्टीत मुलगी पुस्तक घरी नेते, तेव्हा घरी कुणीतरी उलटून पालटून बघतं आणि विचारतं, हे कसलं वाचतेस. माझ्याकडच्या एका मुलीनं ‘जिणं आमुचं’ला स्वतःच वरून दुसरं कव्हर घातलं होतं आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: अर्थशास्त्र, इयत्ता बारावी. ते कव्हर मी कधीच काढलं नाही. पुढच्या मुलींना ते पुस्तक तसंच देत गेले.